चारित्र्याचा दाखला, चारशे प्रतींत

मोठ्या हुद्द्यावर बसून काही वाकडं करायचं मनात असेल, तर आधी माणसं जोडून ठेवा. प्रकरण फुटल्यावर जोडायला गेलात तर कुणी फोन उचलत नाही. आपल्याकडे चारित्र्याच्या दाखल्याला नगरसेवकाची सही पुरते. तुमच्या दाखल्यावर मात्र बिल गेट्स यांची सही हवी.

हसू नका. रजत गुप्तांना ती मिळाली. ९ वर्षं मॅकिन्सी या सल्लागार कंपनीचे प्रमुख, पुढे गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेचे संचालक. पण खरी शहाणपणाची गुंतवणूक वेगळीच: एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धच्या ग्लोबल फंडाचं अध्यक्षपद. शेअर बाजारातले दोस्त गोत्यात आणतात. मलेरियातले दोस्त पत्रं सुरेख लिहितात.

२३ सप्टेंबर २००८. वॉरन बफे यांची कंपनी गोल्डमनमध्ये ५ अब्ज डॉलर घालणार, याला संचालकांनी फोनवरच्या बैठकीत मंजुरी दिली. बैठक सुटल्यावर सुमारे १६ सेकंदांत गुप्तांचा फोन हेज फंडवाले, म्हणजे श्रीमंतांचा पैसा बाजारात खेळवणारे, मित्र राज राजरत्नम यांना. बाजार बंद व्हायला काही मिनिटं उरली होती. बातमी जाहीर होण्याआधी, तेवढ्यात मित्राने गोल्डमनचे शेअर उचलले. सोळा सेकंद! आपला तेवढ्यात चष्मासुद्धा सापडत नाही.

२०१२ मध्ये आतली बातमी फोडल्याबद्दल गुप्ता दोषी ठरले आणि न्यायाधीशांच्या टेबलावर चारशेहून अधिक पत्रं येऊन पडली. गेट्स यांचं, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचंही. बचावपक्षाने सुचवलं, तुरुंगाऐवजी रवांडात समाजसेवेला धाडा. (आपल्याकडचा पाकीटमार असं काही सुचवत नाही, कारण त्याला रवांडात ओळखतंय कोण?) सरकारी वकिलांनी ८ ते १० वर्षं मागितली होती. मिळाली २, वर ५० लाख डॉलर दंड. न्यायाधीशांनी असा हिशेब केला नसेल, पण मी करून पाहिला: दर पत्रामागे साधारण आठवड्याची सूट.

तेव्हा पत्रं आत्ताच लिहून घ्या, तारीख तेवढी कोरी ठेवा. आणि ओळखीची वही एकदा चाळा, कारण गेट्स आणि राजरत्नम एकाच वहीत होते. राजरत्नम यांच्या मोबाइलवर त्या वर्षी तपासयंत्रणा कान लावून बसली होती.

त्या दुपारी राजरत्नम यांना गोल्डमनचे शेअर विकून जे मोकळे झाले, ते कोण होते, हे शोधत बसू नका. त्यांच्याकडून काही पत्र घ्यायचं नाहीये.