ब्रुसेल्समध्ये आपलं म्हणणं कसं मांडावं: नवख्यांसाठी फुकट सल्ला

अभिनंदन! तुमच्या छोट्याशा संस्थेला युरोपियन युनियनचं धोरण ठरवायला बोलावणं आलंय. मेलमध्ये 'तुमचा आवाज महत्त्वाचा आहे' असं लिहिलेलं असेल, ते वाचून गहिवरून यायची प्रथा आहे. गहिवरून झालं की पुढचं वाचा. मी मागच्याच महिन्यात घरभाड्यांवरच्या अशा एका 'संवादा'ला जाऊन आलेय, त्यामुळे अनुभव ताजा आहे.

सगळ्यात आधी थोडक्यात बोलायला शिका. तुम्हाला दोन मिनिटं मिळणार. आमच्या भाडेकरू संघटनेनं भाडेवाढीच्या नोटिसा, करारनामे, घरातून काढलेल्या माणसांच्या मुलाखती असं सगळं खपून गोळा केलं होतं, त्याची चांगली जाडजूड फाईल झाली. समोरच्या स्क्रीनवर उलटं पळणारं घड्याळ होतं. माझ्या आधी घरमालक कंपन्यांच्या महासंघाचे गृहस्थ बोलले, तेव्हा ते घड्याळ बहुतेक बिघडलं असावं, कारण गृहस्थ निवांत स्लाईड्स दाखवत होते. माझ्या वेळी मात्र दुरुस्त झालं. 'शेवटचा मुद्दा' म्हणेपर्यंत माईकचा लाल दिवा गेला आणि बैठक चालवणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, बाकीचं लेखी पाठवा. लेखी आम्ही आधीच पाठवलं होतं.

जनतेचं मत मागवणारा ऑनलाइन फॉर्म भरताना उत्तरं आधी वर्डमध्ये लिहून ठेवा, सेशन संपलं की सगळं उडतं.

फॉर्ममधले प्रश्नही समजून घ्या. 'नियम सोपे आणि परिणामकारक असावेत असं तुम्हाला वाटतं का?' यावर नाही कोण म्हणणार? तुम्ही 'पूर्णपणे सहमत'वर टिक केलं की अहवालात लिहायला मोकळे, बहुसंख्यांचा पाठिंबा आहे. कशाला पाठिंबा, ते नंतर ठरतं.

दोन मिनिटं कमी वाटत असतील तर संख्या वाढवून बघा. 2018 च्या उन्हाळ्यात युरोपियन कमिशननं (कायद्यांचे प्रस्ताव तिथूनच येतात) लोकांना उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे-मागे करायची भानगड बंद करायची का असं विचारलं, तर 46 लाख उत्तरं आली, त्यातली 84 टक्के म्हणाली बंद करा. (निम्म्याहून जास्त उत्तरं एकट्या जर्मनीतून, तो भाग वेगळा.) मार्च 2019 मध्ये युरोपियन पार्लमेंटनंही 2021 पासून बंद करायला मान्यता दिली. मग विषय सदस्य देशांच्या कौन्सिलकडे गेला आणि तिथे जो बसला तो अजून उठलेला नाही. आणि मी दरवर्षी दोनदा भारतातल्या आईला समजावते की आता साडेतीन नाही, साडेचार तासांचा फरक, सकाळी फोन करू नकोस. ती विचारते, एवढ्या लोकांनी नको म्हटलं तरी कसं काय गं? काय सांगू?

सह्यांचाही मार्ग आहे. किमान 7 देशांतून 10 लाख सह्या आणा, मग कमिशनला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर हं, कायदा नाही. पिंजऱ्यातल्या कोंबड्या-डुकरांसाठी जवळपास 14 लाख सह्या झाल्या, 2021 मध्ये कमिशननं स्वतःहून शब्द दिला की 2023 संपायच्या आत प्रस्ताव आणतो. 2023 संपलं. कोंबड्या पिंजऱ्यातच. 'पाणी हा हक्क आहे' म्हणणाऱ्या मोहिमेचं उदाहरण मात्र जरूर द्या, सगळे देतात. 2013 मध्ये 16 लाखांवर सह्या दिल्या आणि पिण्याच्या पाण्याचा सुधारित कायदा आला डिसेंबर 2020 मध्ये, तोही मागितलं त्यातलं बरंच गाळून. चिकाटी ठेवा, निवृत्तीपर्यंत काहीतरी पदरात पडेल.

युरोपियन आर्थिक आणि सामाजिक समितीचा आदर करा. युनियनचा पाया घालणाऱ्या 1957 च्या रोम करारापासून आहे, 329 सदस्य आहेत, मालक, कामगार आणि नागरी संघटना असे तीन गट. त्या समितीचं मत घेणं काही विषयांत बंधनकारक आहे, ऐकणं नाही. आणि दिलेल्या मुदतीत मत आलं नाही तर करारातच लिहिलंय की त्यावाचून काही अडणार नाही.

सँडविच लवकर घ्या, शाकाहारी आधी संपतात.

आता जरा वरच्या वर्गाचा सल्ला. 2013 मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळलं, 1,100 हून जास्त कामगार मेले, युरोपातल्या दुकानांचे कपडे शिवणारी माणसं होती ती. त्यानंतर संघटनांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, की मोठ्या कंपन्यांनी आपला माल कुठे कसा बनतो याची जबाबदारी घ्यावी. 2024 मध्ये कायदा झाला एकदाचा. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये, शाई वाळायच्या आत, तोच कायदा पातळ करणारं 'ऑम्निबस' पॅकेज आलं. त्यासाठी जनतेचं मत मागवलं? नाही. एरवी आमच्यासारख्यांना 12 आठवडे फॉर्म भरायला बसवतात, इथे निवडक मंडळींच्या बैठका झाल्या, त्यात कंपन्यांचाच भरणा. घाई होती म्हणे. कसली घाई? इमारत कोसळत होती का कुठे? नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपियन लोकपालांनी सांगितलं की यात गैरकारभार झाला. सांगितलं, बस्स. पॅकेज आपलं पुढे सरकतच राहिलं.

म्हणजे बघा, लोकांना नको असलेलं थांबवायला 46 लाख उत्तरं पुरत नाहीत, आणि कंपन्यांना नको असलेलं थांबवायला काही महिने पुरतात. युरोपियन युनियनच्या करारातल्या 11 व्या कलमात 'खुला, पारदर्शक आणि नियमित संवाद' लिहिलंय ना, मग हा कुठला संवाद? सुपारी आधीच फुटलेली असते हो, आपल्याला फक्त पोहे खायला बोलावतात.

आणि आपण जातो! नटूनथटून जातो, गळ्यात बॅज घालून फोटो टाकतो, 'प्रतिनिधित्व करताना अभिमान वाटतो'. ग्रँटच्या रिपोर्टमध्ये किती बैठकांना हजर होतो ते लिहायचं असतं, काय बदललं ते कुणी विचारत नाही, आणि पगार त्याच दारातून येत असल्यामुळे आपणही विचारत नाही. मम म्हणायचं आणि गुरुवारी संध्याकाळी पार्लमेंटसमोरच्या प्लास लक्झेंबर्ग चौकात बिअर घेऊन त्याच अधिकाऱ्यांशी हसत बोलायचं. लाज वाटली पाहिजे आपल्याला. ज्या बाईला तीन लेकरांसह घर सोडावं लागलं तिची नोटीस माझ्या फाईलमध्ये होती, ती कुणी उघडूनही पाहिली नाही आणि मी 'थँक यू' म्हणून खाली बसले.

काल त्या संवादाचा अहवाल आला. शेवटच्या पानावर आमचं नाव आहे, म्हणणं कुठेच नाही, आणि वर ओळ आहे की नागरी संघटनांनी प्रस्तावाचं स्वागत केलं. कुणी केलं स्वागत? मी तिथे बसले होते ना! आज सकाळी मेल टाकलाय, आमचं नाव काढा, नाहीतर त्याखाली आमचा विरोध शब्दन्‌शब्द छापा. त्या हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्या संस्थांनो, तुम्हीही टाका, आजच टाका. मसुदा कोणत्या तारखेला लिहून तयार होता तेही विचारा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत पुढच्या बोलावण्याला हो म्हणू नका.