स्प्रिंग कडक झाली म्हणजे टिकाऊ झाली, असे नव्हे

नाशिकच्या सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत काम करणारे फिटर, टूलरूममधले कारागीर आणि मेंटेनन्सची मंडळी यांच्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश सध्या फिरतो आहे. त्यातले सल्ले थोडक्यात असे: स्प्रिंग वारंवार तुटत असेल तर जाड तारेची लावा, जोर कमी पडत असेल तर एकदोन फेरे कापा, स्प्रिंग बसली (दबून कायमची आखूड झाली) असेल तर ताणून किंवा तापवून पुन्हा उभी करा, जमेल तिथे स्टेनलेस वापरा, कारण ते सर्वांत मजबूत, डायमधली (प्रेसच्या साच्यातली) स्प्रिंग रंग पाहून बदला, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लवकर उडत असेल तर त्याच्या स्प्रिंगचा नट आवळा. आयटीआयमध्ये शिकणारी मुलेही हा संदेश विश्वासाने पुढे पाठवत आहेत, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटते. बहुतेक सल्ल्यांच्या मुळाशी एकच गल्लत आहे, ती म्हणजे ताठरपणा आणि ताकद यांना एक समजण्याची. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती बल लागते तो तिचा ताठरपणा, आणि तारेचे पोलाद कायमचे न वाकता व न तडकता किती ताण सोसते ती तिची ताकद. ताठरपणा मुख्यतः मापांवरून ठरतो. ताकद धातूवरून आणि त्यावर झालेल्या प्रक्रियेवरून ठरते.

जाड तारेचा सल्ला ऐकताक्षणी पटतो, आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त नुकसान करतो. दाबाच्या स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि वेटोळ्याच्या सरासरी व्यासाच्या घनाच्या व कार्यरत (टोकाचे टेकलेले सोडून प्रत्यक्ष दबणाऱ्या) फेऱ्यांच्या प्रमाणात घटतो. आता ४ मिमी तारेची, ३२ मिमी सरासरी व्यासाची, ८ कार्यरत व एकूण १० फेऱ्यांची, ७५ मिमी मोकळ्या लांबीची स्प्रिंग घेऊ. पोलादाचा दृढता गुणांक (पीळ पडण्याला धातू किती विरोध करतो त्याचे माप) दर चौरस मिलिमीटरला ८०,००० न्यूटन धरला, तर तिचा ताठरपणा दर मिलिमीटरला सुमारे ९.८ न्यूटन येतो. ती २० मिमी दाबली की बल साधारण १९५ न्यूटन आणि तारेतला ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे २४९ न्यूटन होतो. त्याच मापात तार ४.५ मिमीची केली, तर २० मिमी दाबायला सुमारे ३१३ न्यूटन लागतात आणि ताण २८० वर जातो. तार जाड केली आणि ताण कमी होण्याऐवजी साडेबारा टक्क्यांनी वाढला! स्प्रिंगवर ठरावीक वजन टांगलेले असेल तर जाड तारेने ताण खरोखर कमी होतो. पण यंत्रातल्या बहुतेक स्प्रिंगांची हालचाल कॅमने (फिरणाऱ्या उंचवट्याच्या चाकाने) किंवा ठरलेल्या स्ट्रोकने बांधलेली असते, आणि तिथे हिशेब उलटा फिरतो. शिवाय पूर्ण मिटलेल्या स्प्रिंगची लांबी ४० मिमीवरून ४५ मिमी होते, म्हणजे दबण्याची जागा ३५ मिमीवरून ३० वर येते. दीडपटीहून अधिक झालेले बल कॅमवर, पिनवर आणि बैठकीवर पडते ते निराळेच. त्यात भर अशी की थंड ओढलेली तार जितकी जाड, तितकी तिची दर चौरस मिलिमीटरची ताकद कमी असते.

तुटलेली स्प्रिंग फेकून न देता तिचा तुकडा उजेडात धरून पाहावा, असा माझा आग्रह आहे. थकव्याने तुटलेल्या तारेचे तोंड बहुधा ४५ अंशांच्या आसपास तिरपे असते आणि त्याच्या एका कडेला नखाच्या आकाराचा गुळगुळीत भाग दिसतो. तडा तिथून सुरू झालेला असतो. ही जागा बहुतेक वेळा वेटोळ्याच्या आतल्या बाजूला सापडते, कारण तार वळवल्यामुळे आतल्या कडेवर ताण जास्त येतो. सरासरी व्यास तारेच्या ८ पट असेल तर ही वाढ सुमारे १८ टक्के असते, आणि ४ पटच असेल तर ती ४० टक्क्यांपर्यंत जाते. त्या जागी गंजाचा खड्डा किंवा हत्याराचा ओरखडा आढळला तर उपाय पृष्ठभागाचा हवा, म्हणजे शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून घेणे किंवा चांगल्या प्रतीची तार मागवणे. तसे काही नसेल आणि जागा असेल, तर फेरे वाढवून ताण खाली आणता येतो.

फेरे कापण्याचा सल्ला याच्या नेमका विरुद्ध दिशेला जातो. वरच्याच स्प्रिंगचे दोन कार्यरत फेरे कापले की ताठरपणा एक तृतीयांशाने वाढतो, आणि त्याच २० मिमी हालचालीसाठी प्रत्येक उरलेल्या फेऱ्यावरचा ताणही तेवढाच वाढतो. कापल्यावर लांबी घटते, म्हणून सुरुवातीचा दाब भरून काढायला खाली वॉशर घातले जातात. मिटवून घासलेले सपाट टोक जाते आणि कापलेले तोंड एका बिंदूवर टेकते. त्यामुळे भार मध्यावरून सरकतो, स्प्रिंग एका अंगाला झुकते आणि गाइडवर घासू लागते. ग्राइंडरने कापताना टोकाला निळा रंग चढला असेल तर तिथल्या पोलादाचा टेम्परही, म्हणजे कडकपणाही, उतरलेला असतो.

बसलेली स्प्रिंग ताणून पुन्हा लांब करता येते हे खरे आहे, पण ती लांबी टिकत नाही. चांगला कारखानदार दाबाची स्प्रिंग गुंडाळल्यावर ताण काढण्यासाठी ती मंद तापवतो आणि नंतर काही वेळा पूर्ण मिटेपर्यंत दाबतो. त्यामुळे तारेत कामाच्या ताणाला विरोध करणारा ताण मुद्दाम साठवला जातो. हाताने ताणली की हा साठा नाहीसा होतो आणि उलट दिशेचा ताण मागे राहतो, म्हणून अशी स्प्रिंग थोड्याच दिवसांत पूर्वीपेक्षा खाली बसते. गॅसच्या ज्योतीवर लाल करून तेलात बुडवणे तर त्याहून वाईट. ओढकामातून तारेत आलेली ताकद त्या उष्णतेने निघून जाते, आणि नीट टेम्पर न करता (पुन्हा मंद न तापवता) तेलात विझवलेले उच्च कार्बनचे पोलाद ठिसूळ होते. एवढे करून ताठरपणा मात्र जवळपास होता तेवढाच राहतो, कारण पोलाद मऊ असो वा कडक, त्याचा दृढता गुणांक जवळजवळ बदलत नाही.

स्टेनलेसचा गुण गंज न धरण्यात आहे, आणि औषधांच्या किंवा खाद्यपदार्थांच्या यंत्रात तो मोलाचा आहे. पण नेहमीच्या ३०२ प्रतीच्या स्टेनलेसचा दृढता गुणांक दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७०,००० न्यूटन असल्यामुळे त्याच मापाची स्प्रिंग सुमारे १२ टक्के नरम पडते. त्याच जाडीची म्युझिक वायर (थंड ओढलेली उच्च कार्बनची तार) ताकदीलाही स्टेनलेस तारेपेक्षा वरचढ असते. उष्णतेच्या बाबतीत मात्र स्टेनलेस पुढे आहे: म्युझिक वायर साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत वापरावी, ३०२ प्रत २५० अंशांच्या आसपासही चालते. गंज टाळण्यासाठी साध्या स्प्रिंगला झिंक प्लेटिंग करून घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. आम्ल आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग नुसती ताणाखाली ठेवलेली असतानाही तडकू शकते. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच ती १९० ते २२० अंशांवर काही तास भाजावी लागते. हे भाजणे झाले की नाही, ते डोळ्यांना दिसत नाही.

रंगाच्या सल्ल्याला प्रेसच्या कामात फार जपावे लागते. आयएसओ १०२४३ या मानकाप्रमाणे डायच्या आयताकृती तारेच्या स्प्रिंगांत हिरवा रंग हलक्या भाराचा, निळा मध्यम, लाल जड आणि पिवळा अतिजड भाराचा असतो. काही अमेरिकी मालिकांमध्ये मात्र हिरवा रंग अतिजड भारासाठी ठेवलेला आहे. परदेशातून आलेल्या डायमध्ये नुसता रंग जुळवून स्प्रिंग बसवली तर स्ट्रिपर प्लेट (पंचवर अडकलेला पत्रा सोडवणारी पट्टी) पत्रा सोडवणार नाही किंवा नको तेवढ्या जोराने आपटेल. मापे, मालिका आणि ठरावीक लांबीवरचा भार ऑर्डरमध्ये लिहावा. गोल तारेच्या स्प्रिंगसाठी तारेची प्रतही लिहावी: स्प्रिंगच्या तारेसाठीच्या आयएस ४४५४ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात एसएल, एसएम, एसएच या प्रती स्थिर भारासाठी आणि डीएम, डीएच या सतत बदलत्या भारासाठी आहेत, आणि दिसायला त्या सारख्याच असतात.

हे सगळे दाबाच्या स्प्रिंगपुरते झाले; संदेश मात्र सर्व स्प्रिंगांना एकच नियम लावतो. ओढीची स्प्रिंग बहुधा हुकाच्या वळणात तुटते, तिथे मधली तार तपासून काही हाती लागत नाही. टॉर्शन स्प्रिंगच्या (फिरवण्याचा जोर घेणाऱ्या स्प्रिंगच्या) तारेत पीळ न येता वाक येतो, आणि तिच्यावर भार फेरे आवळण्याच्या दिशेनेच यावा लागतो. ज्यूलियन बेलव्हिल यांनी १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या बशीच्या आकाराच्या वॉशर एकाच दिशेने रचल्या तर भार वाढतो, तोंडाला तोंड लावून रचल्या तर हालचाल वाढते. बोल्टच्या सांध्यांत आणि क्लचमध्ये त्या यासाठीच असतात. नाशिकमध्ये तयार होणाऱ्या स्विचगिअरमधला ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे यंत्र) उघडतो तोही आधी चार्ज करून ठेवलेल्या स्प्रिंगच्या साठवलेल्या ऊर्जेवर, आणि मोजक्या मिलिसेकंदांत त्याला ते काम संपवावे लागते. तिथे फेरे कापलेली स्प्रिंग वेळेचे गणितच बिघडवते. लासलगावहून कांदा घेऊन निघणाऱ्या ट्रकला जादा पाटे घातले तर गाडी बसत नाही, हे खरे. पण अ‍ॅक्सल, टायर आणि ब्रेक पूर्वीच्याच क्षमतेचे राहतात.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या नटाबद्दलचा सल्ला कोणीही, कधीही पाळू नये. या व्हॉल्व्हच्या तबकडीवर वाफेचा दाब गुणिले क्षेत्रफळ एवढे बल येते आणि स्प्रिंग त्याला ठरलेल्या दाबापर्यंतच रोखून धरते. नट आवळला की उघडण्याचा दाब बॉयलरच्या मंजूर दाबाच्या वर जाऊ शकतो. त्याबरोबर फेरे एकमेकांजवळ येतात, त्यामुळे तबकडी पूर्ण उचलली जात नाही आणि व्हॉल्व्ह उघडला तरी पुरेशी वाफ बाहेर पडत नाही. व्हॉल्व्ह लवकर उडत असेल तर बैठकीवर कचरा किंवा खाच आहे का, दाबमापक खरा दाखवतो का आणि बॉयलरच प्रमाणाबाहेर चालवला जातो का, हे आधी पाहावे. स्प्रिंगला हात लावायचा तो व्हॉल्व्ह उतरवून, चाचणीच्या बेंचवर, अधिकृत माणसाने. आणि दाब लावून झाल्यावर पुन्हा सील करून.