टिपूची तलवार १४४ कोटींना गेली म्हणून माळ्यावरची घासायला घेऊ नका

परवा सकाळी सकाळी मामांचा व्हिडिओ कॉल. मांडीवर पेपर पसरलेला, त्यावर आजोबांची तलवार, जी एरवी फक्त दसऱ्याला खाली उतरते, आणि मामांच्या हातात हार्डवेअरच्या दुकानातला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. "बघ कशी चमकायला लागली!" खजान्यावर, म्हणजे मूठ पात्याला धरते ना तिथे, एक सोनेरी वेल होती, लहानपणापासून बघतोय मी ती. आता तिची तीन पानं शिल्लक आहेत, बाकी पेपरवर काळपट भुकटी.

कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज. तुम्हालाही आला असेलच. टिपूची तलवार १४४ कोटींना विकली, त्यामुळे शिवकाळातली कुठलीही तलवार आज किमान ५ कोटींची. ओळखायची कशी, तर पॉलिश पेपर आणि लिंबू-मिठाने घासा, आरशासारखी चमकली तर अस्सल पोलाद. पात्यावर अक्षरं असली तर राजघराण्यातली. वजन चाळीस किलो असलं तर सेनापतीची. परदेशी कलेक्टर घरी येऊन रोख देऊन नेतात. आणि खाली हात जोडलेले इमोजी.

आधी घासण्याचं बोलू, कारण डोकं तिथेच फिरलंय. अहो, पॉलिश पेपरने घासला तर ट्रकच्या पाट्याचा कोयताही चमकतो, त्यात अस्सल काय कळणार? ती वेल म्हणजे कोफ्तगिरी. पोलादावर आधी बारीक उभ्या-आडव्या रेघा मारून तो भाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात, थर इतका पातळ की ऐंशी नंबरचा कागद दोनदा फिरला की संपलं, मग जगातला कुठलाही सोनार ते होतं तसं करून देऊ शकत नाही. लिंबाचं कुठून आलं तेही सांगतो. काही चांगल्या जुन्या पात्यांत पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात, आणि ती वर काढायला सौम्य आम्ल लावतात हे खरं आहे. पण ते जाणकार माणूस करतो, आधी चाचणी घेऊन, नंतर धुऊन, तेल लावून. मेसेजवाल्याने अर्धवट ऐकून त्यात मीठ घातलं. मीठ! लोखंडाला! आणि कोणी गरम पाण्यात बुडवायच्या विचारात असेल तर तेही नको, आपल्याकडे मूठ पात्याला लाख-राळेने बसवलेली असते, ती पघळली की मूठ हातात आणि पातं बादलीत.

आता १४४ कोटी. आकडा खोटा नाही, मान्य. लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात २३ मे २०२३ ला ती तलवार १ कोटी ४० लाख पौंडांच्या वर गेली, अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा. पण ती १७९९ ला टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडल्यावर सैन्याने डेव्हिड बेअर्ड या ब्रिटिश सेनानीला भेट दिलेली, पात्यावर 'शमशीर-ए-मलिक', म्हणजे राजाची तलवार, आणि तेव्हापासून कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी जुळलेली. बरं, २०२३ च्याच ऑक्टोबरमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात टिपूचीच म्हणून आणखी एक तलवार निघाली, तिला गिऱ्हाईकच मिळालं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये श्रीरंगपट्टणच्याच लढाईतली एक बोनहॅम्सकडेच ३ लाख १७ हजार ९०० पौंडांना गेली. माणूस तोच, गाव तेच, आणि भाव बघा कुठून कुठे.

पण मामांना टिपू नको, मराठ्यांचं बोला म्हणाले. मग हे घ्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनलाच सदबीजच्या लिलावातून आपल्या राज्य सरकारने पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. नागपूरकर भोसल्यांच्या गादीचा संस्थापक, बंगाल-ओडिशा तुडवलेला माणूस. पातं युरोपी, म्हणजे आपल्याकडे जिला फिरंग म्हणतात तशी तलवार, आणि त्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. खर्च किती? वाहतूक, विमा सगळं धरून ४७ लाख १५ हजार. कोटी नाही, लाख! नाव कोरलेल्या, किताब कोरलेल्या तलवारीचा हा हिशोब, मग आपल्या बिननावाच्या तलवारीला ५ कोटी कोण आणि का देणार?

अक्षरांचंही तसंच. युरोपी पात्यांवर नामांकित कारागिरांची नावं दुसरेच लोक सर्रास ठोकायचे, डुप्लिकेट माल काही आजचा नाही. आणि चाळीस किलोची तलवार उचलून दाखवा मग बोलू, वापरातली तलवार किलो-दीड किलोची असते.

घरी येऊन रोख देणारा परदेशी कलेक्टर मात्र खरंच गोत्यात आणेल. १९७२ चा पुरावशेष कायदा सरळ सांगतो, शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर न्यायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्यांनी नेमलेल्या संस्थेला. बाकी कोणी नेली तर ती तस्करीच.

माझ्या ओळखीतले एक शस्त्रसंग्राहक अशा प्रत्येक लिलावानंतर आठवडाभर फोन सायलेंटवर ठेवतात. रघुजींची तलवार आली तेव्हा माणूस मनापासून खूश होता, पण पुढच्याच वाक्याला म्हणाला, आता बघ, निम्मा जिल्हा घासायला बसेल. हां, एवढं त्यांनीही कबूल केलं की जुन्या वाड्यांतून अजून चांगल्या तलवारी निघतात आणि सोबत कागद असले तर भाव बराच बदलतो.

कागदांवरून आठवलं. मामांकडे आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे, त्यात मोडीतली बाडं. मामी गेल्या दिवाळीपासून ती रद्दीवाल्याला द्यायचं म्हणतायत. काल फोन करून सांगितलं, मामी, ट्रंकेला हात लावू नका आणि मामांच्या हातातला पॉलिश पेपर तेवढा काढून घ्या.