नळी काढतानाही तेवढीच काळजी हवी

सेंट्रल लाइन (मान, छाती किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत घालतात ती लांब नळी) घालताना फुप्फुसाला छिद्र पडणं, शिरेऐवजी धमनीत सुई जाणं, हे सेंट्रल लाइनच्या धोक्यांवरच्या तुमच्या लेखात नीट समजावलंय. आयसीयूत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून थोडी भर घालते.

सोनोग्राफीवर मानेतली शीर बघत सुई टाकायला लागल्यापासून धमनीला टोचण्याचे प्रसंग खूप कमी झाले. पण जंतुसंसर्ग त्याने थांबत नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभरावर आयसीयूंत पाचच गोष्टी पाळायला लावल्या : हात धुणं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणं, टोपी-मास्क-गाऊनसह पूर्ण निर्जंतुक आच्छादन, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपली की नळी काढणं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचा मध्यक, म्हणजे सगळ्या आयसीयूंच्या आकड्यांतला मधला आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला! पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार तिथे सिस्टरला होता. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे नवी मुलगी सरांना "थांबा" म्हणायला अजून कचरते.

लेखात नळी काढण्याबद्दल काहीच नाही. एकदा रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच एक शिकाऊ डॉक्टर मानेतली नळी काढायला निघाले होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. बसलेल्या माणसाने श्वास घेतला की त्या छिद्रातून हवा थेट शिरेत ओढली जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. रुग्णाला आडवं झोपवा, श्वास रोखायला सांगा, मगच नळी काढा, जागा घट्ट दाबून धरा आणि वर हवाबंद पट्टी लावा.