वृषण काढण्याच्या ऑपरेशनला एकच ओळ?
हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांच्या, कॅन्सरला पोसणारं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) उतरवणाऱ्या इंजेक्शनांवर उपचारांवरच्या या लेखात भरपूर लिहिलंय, वृषण काढण्याला मात्र एक ओळ. आमच्या कोथरूडच्या काकांनी, वय 74, तेच निवडलं. छोटं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. टेस्टोस्टेरॉन काही तासांतच उतरतं. इंजेक्शनच्या तारखा, बिलं संपली. अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्येच हा परिणाम दाखवला, 1966 चं नोबेल त्यासाठीच. अर्थात कॅन्सर मुळापासून जात नाही, नुसता आवरतो. हाडं ठिसूळ होणं, अंगातून वाफा निघणं इंजेक्शनांसारखंच (काका ऐन डिसेंबरात पहाटे बनियन बदलतात!). आणि हे ऑपरेशन परत फिरवता येत नाही, एवढं तरी डॉक्टरांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या नको, बसवून सांगायला हवं होतं.