पिशवी नको, एवढंच म्हणायचं होतं

परवा रात्री साडेआठच्या सुमारास, तोक्योतल्या निशी-कासाईच्या एका कोन्बिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, हातात नात्तोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) पाकीट धरलेल्या एका आजोबांनी माझं जपानी तपासून परत दिलं. मी दाखवायला नेलं नव्हतं. मला फक्त पिशवी नको होती.

सोबत काका होते. काका म्हणजे मैत्रिणीचे सासरे, पुण्यातल्या एका बँकेतून निवृत्त, लेकाकडे 90 दिवसांच्या व्हिसावर आलेले. मैत्रिणीला ऑफिसात उशीर होणार होता, म्हणून ‘बाबांना जरा खाली नेऊन आणतेस का’ असा निरोप आला. पुण्यात जपानीच्या क्लासांना तोटा नाही आणि निवृत्त माणसाला वेळेचा तोटा नाही, त्यामुळे काका जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फाइव्ह पास होऊनच विमानात बसले. पाच पायऱ्यांतली ही सगळ्यात खालची. मी एन-टू आहे. हे सांगण्याचं कारण पुढे येईलच. कारण नसतं तरी सांगितलं असतं.

काकांची एक वही आहे. तिला रबरबँड असतो आणि ती शबनममध्ये पासपोर्टच्या शेजारी राहते. आत सगळं जपानी देवनागरीत. ‘ओहायो गोझाइमास: सकाळी. शेवटचा उ गिळणे.’ ‘कोन्निचिवा: दुपारी. लिहिताना हा, बोलताना वा.’ ‘कोन्बानवा: दिवेलागणीनंतर.’ ‘सुमिमासेन: माफ करा, अहो ऐका, आभारी आहे. संदर्भाने घेणे.’ शिवाय समासात काकांचे स्वतःचे सिद्धांत. मराठी माणसाकडे चमच्यातला च असल्यामुळे त्सुनामीतला त्सु त्याला घरबसल्या येतो, हा त्यातला एक. वाक्याच्या शेवटी जपानी लोक लावतात तो ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’च, हा दुसरा. दोन्ही तसे बरोबर आहेत. काकांचा त्रास हाच आहे, की ते पुष्कळदा बरोबर असतात.

वाटेत त्यांनी माझं मराठीही तपासलं. मी सोलापूरची. ‘मी त्याला म्हणलं’ असं काहीतरी बोलले, तर काका थबकले आणि दिव्याच्या खांबाखाली उभं राहून म्हणाले, “म्हटलं. म्हणलं नव्हे.” ‘म्हणलं’ म्हणून माझी आजी जगली, तिचं कुणाचं काही अडलं नाही. या लेखात मी ‘म्हणलं’च लिहिणार आहे, ज्यांना टोचेल त्यांनी खांब शोधावा.

तर दुकानात शिरलो. “इराश्शाइमासे!” आतून आवाज आला. काका दारातच थांबले, कमरेत वाकले आणि खणखणीत आवाजात “कोन्निचिवा!” म्हणाले. रात्री साडेआठला. दुसरा नोकर कप्प्यात दूध लावत होता, तोही न बघता “इराश्शाइमासे” म्हणाला. काका त्याच्याकडे वळून पुन्हा वाकले.

“काका, याला उत्तर नसतं द्यायचं,” मी म्हणलं.

“का?”

“गिऱ्हाईक आलं की ते म्हणतातच. तुम्ही नुसतं आत जायचं.”

“कुणी ‘या’ म्हटल्यावर तोंड बंद ठेवून आत घुसायचं? आपल्यात याला माज म्हणतात.”

तोवर आमच्या मागून आणखी एक बाई आत आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा हाक झाली, आणि काकांनी त्यांच्या वतीनेही उत्तर दिलं.

काकांनी उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेतली (मासा नाही, मी दोनदा लेबल वाचून दाखवलं) आणि चिरंजिवांसाठी बिअरचा एक कॅन. काउंटरवर नेपाळी मुलगा होता. कॅन स्कॅन होताच त्याने पडद्याकडे बोट केलं. आपण 20 वर्षांच्या वर आहोत असं बटण दाबायचं असतं. काकांनी शबनममध्ये हात घालून पासपोर्ट काढायला घेतला, तेव्हा मी पुढे वाकून बटण दाबलं आणि ते प्रकरण मिटवलं.

मग नेहमीचा मारा सुरू झाला. इथे 2020 च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे दर खरेदीला विचारतात, पिशवी हवी का. मी म्हणलं, “दाइजोबु देस.” म्हणजे ठीक आहे, राहू दे. जेवायच्या काड्या हव्यात? दाइजोबु देस. पावती? दाइजोबु देस. सगळं तोक्यो हेच म्हणतं. माझ्या ऑफिसातली निम्मी पोरं दिवसभरात दुसरं काही बोलतच नाहीत.

मागे कुणीतरी घसा खाकरला. वळून बघते तर ते आजोबा. टोपी, बिनबाह्यांचं खिशांचं जाकीट, एका हातात नात्तो, दुसऱ्या हाताचं बोट वर.

“ओनेसान,” ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले, “अशा वेळी ‘केक्को देस’ म्हणायचं असतं.”

आणि समजावून सांगू लागले. दाइजोबु म्हणजे ठीक असणं. पडलेल्या माणसाला आपण विचारतो, दाइजोबु का? पिशवी काही पडलेली नाही. हल्लीच्या तरुणांनी भाषेची वाट लावली आहे, आणि परदेशी लोक बिचारे तेच उचलतात. ‘बिचारे’ हा माझा अनुवाद नाही, तो त्यांच्या भुवयांत होता. सगळं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मी नुकतीच बोटीतून उतरले असावे.

मला सांगता आलं असतं, की आजोबा, तुमचं केक्कोही काही गंगाजल नाही. ‘नको’ही तेच आणि ‘उत्तम’ही तेच. फोनवरून माल गळ्यात मारणारे लोक म्हाताऱ्यांच्या ‘केक्को देस’चा अर्थ ‘पाठवा’ असा लावून घेतात, म्हणून इथली ग्राहक केंद्रं सांगतात, सरळ ‘नको’ म्हणा. हे सगळं जपानीत, आदरार्थी क्रियापदांसकट, माझ्या जिभेवर तयार होतं. तोंडातून आलं, “सांगितल्याबद्दल आभारी आहे.” इथं राहून माणसाचं हे होतं.

“काय म्हणतायत?” काकांनी विचारलं.

“हवा छान आहे म्हणतायत.”

“केक्को म्हणाले,” काका म्हणाले आणि रबरबँड काढला. पान सापडलं. ‘केक्को देस: नको, पुरे (नम्र).’ “अगं, ते बरोबर सांगतायत. हे बघ, लिहिलेलं आहे.” मग मला बाजूला सारून त्यांनी आजोबांपुढे दोन पावलं टाकली, हात जोडले, वाकले आणि म्हणाले, “कोन्निचिवा! हाजिमेमाश्ते!”

आजोबांचा चेहरा फुलला. “ओऽऽ! निहोंगो ओजोझु देस ने!”

वा, जपानी किती छान बोलता! साडेआठच्या कोन्निचिवाला! तिथं त्यांचं बोट वर गेलं नाही. बरं, या स्तुतीवर काय म्हणायचं तेही वहीत होतंच. काका लाजून, हात हलवत म्हणाले, “इइए, मादामादा देस.” छे, अजून कुठे काय! आजोबा खलास. ते वाकले. काका वाकले. आजोबा जरा आणखी वाकले. आधी सरळ कोण होणार यावर घोडं अडलं. मागे पाच-सहा माणसांची रांग झाली होती, आणि जपानी रांग असल्यामुळे कुणी चकार शब्द काढत नव्हतं, जो तो आपल्या दह्याच्या डब्याकडे बघत होता. सोलापुरात एव्हाना कुणीतरी ‘ओ मामा, सरका की’ म्हणलं असतं आणि सगळे सुटले असते.

त्या पोराने शेवटी हळूच सांगितलं, “हजार येनांपासून स्वीकारतो.” कोन्बिनीत पैसे घेताना असंच म्हणायला शिकवतात. आजोबा तत्काळ सरळ झाले. बोट वर. “तो ‘कारा’ (म्हणजे ‘पासून’) नको तिथं.” पोरगं “मोशिवाके गोझाइमासेन” म्हणून नव्वद अंशांत वाकलं. विद्यार्थी-व्हिसावर आठवड्याला 28 तास काम करायची मुभा असते, त्यातला किती वेळ व्याकरणात जातो कोण जाणे. आजोबांनी नात्तोचे पैसे मोजून ठेवले आणि जाताना त्याला म्हणाले, “गोकुरोसामा.” ‘बरं काम केलंस’ अशा अर्थाचं हे वरच्याने खालच्याला म्हणायचं असतं, साहेबाला म्हणायचं ते ओत्सुकारेसामा. शब्द कुठे वापरायचा हे आजोबांना नक्की माहीत होतं.

मला बोलून दाखवलं त्याचं एवढं नाही. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मागे घर शोधत होते, तेव्हा एजंट माझ्यासमोर घरमालकांना फोन लावायचा आणि म्हणायचा, “परदेशी बाई आहेत, पण जपानी दाइजोबु आहे.” तेव्हा हा शब्द चालायचा. पलीकडून काही उत्तर यायचं, एजंट फोनलाच वाकायचा, मग मला वाकून सांगायचा की फार वाईट वाटतं. 2017 मध्ये जपानच्या न्याय मंत्रालयाची पाहणी आली होती: घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. नकार सगळे अतिशय सभ्य भाषेत असणार, एकही क्रियापद चुकलेलं नसणार. घरात शिरताना काय म्हणायचं, जेवायच्या आधी काय, जेवल्यावर काय, ऑफिसातून आधी निघताना कुणाची माफी मागायची, सगळं मी घोटून पाठ केलं. किल्ली मिळायला ते उपयोगी पडलं नाही.

हे काकांना परतताना सांगायला गेले. त्यांनी मन लावून ऐकलं.

“तुझा स्पीड चांगला आहे,” ते म्हणाले, “पण पाया कच्चा राहिलाय. इथं पुराणिक निवडून आले ते काय नुसतं दाइजोबु-दाइजोबु करून?”

भारतातून आलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले, हे खरं आहे. प्रचारात ते पिशव्या कोणत्या शब्दाने नाकारत होते, हे काकांना कुठून कळलं ते देव जाणे.

काल संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. तिच्या मागून काकांचा आवाज येत होता, मग फोनच त्यांच्या हातात गेला. मंगळवारी-गुरुवारी सात ते आठ ते रिकामे असतात. पहिल्या धड्यापासून घेऊ म्हणाले, फी वगैरे काही नाही, फक्त वही आण.

मी म्हणलं, “काका, केक्को देस.”

“शाब्बास!” काका म्हणाले. “बघ, जमलं की नाही? मग मंगळवारी सात.”