टिमका गुबरीवर का पिसकत होता?

‘टिमका गुबरीवर पिसकत होता. तेवढ्यात ढोमरीने त्याला झुपकावलं.’ आता प्रश्न : टिमका कुठे पिसकत होता? त्याला कोणी झुपकावलं? लहान मुलं दोन्ही उत्तरं बिनचूक देतात आणि वर ‘बाई, सोप्पं होतं’ असंही ऐकवतात. टिमका प्राणी आहे की पाहुणा, याचं कुणालाच सोयरसुतक नसतं. ‘कुठे’ विचारलं की ‘वर’ लागलेला शब्द उचलायचा, ‘कोणी’ विचारलं की ‘ने’ लागलेला. निव्वळ शब्दांच्या शेवटाच्या जिवावर पैकीच्या पैकी!

म्हणून वाचलेलं खरंच समजलं का, हे बघायला मी ‘का’ विचारते. ‘मीनाने दार हळूच लावलं आणि चपला हातात घेतल्या.’ का बरं घेतल्या? मुलं उताऱ्यावरून बोट फिरवतात, पान उलटून मागेही बघतात आणि निकाल देतात, ‘बाई, उत्तर छापायचं राहिलंय.’ अशा वेळी समजावत बसू नये. एकाला चपला घालून फटक-फटक चालायला लावावं, मग त्याच हातात घेऊन. ‘आवाज होऊ नये म्हणून!’ हे लगेच येतं. पण कोणाला ऐकू जाऊ नये? झोपलेलं बाळ, आई, चोर आणि हमखास एक भूत. इथे नियम एकच : ज्या शब्दावरून वाटलं, त्यावर बोट ठेवायचं. ‘हळूच’वर बोट ठेवणारी बाळाची बाजू तगते. भूतवाल्याला जागाच सापडत नाही, पण तो हटत नाही.

काही मुलं मात्र इथवर पोचतच नाहीत. अक्षराला अक्षर जोडत वाक्याच्या टोकाला जाईपर्यंत मीना कोण हेच विसरलेलं असतं. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली सूत्र मांडलं : वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. पालक बेरीज धरून चालतात, पण हा गुणाकार आहे. एक बाजू शून्य की सगळंच शून्य. कोणती बाजू लंगडी, हे कळायला तोच उतारा आपण मोठ्याने वाचून दाखवावा. आता उत्तरं आली तर घोडं अक्षरांत अडलंय, नाही आली तर भाषेत. आणि शंभर शब्दांत पाचाहून जास्त अडले, तर उतारा बदलावा, मूल नव्हे.

खरा कस लागतो तो संवाद घालून गोष्ट लिहिताना.

‘हॅलो.’
‘हॅलो.’
‘काय करतोस?’
‘काही नाही. तू?’
‘मी पण काही नाही.’

पान संपतं, गोष्ट सुरू व्हायची असते. माणसं अगदी अशीच बोलतात, त्यामुळे चूक दाखवायची पंचाईत. उपाय : दोन मुलं, एक खोडरबर. एकाला ते हवंय, दुसऱ्याला द्यायचं नाहीये. ‘दे’ आणि ‘नाही’ या शब्दांना बंदी. मग ऐका :

‘तुझ्या रबराला वास येतो का रे?’
‘आई रोज रबर मोजते.’

आता विचारा, तो आईबद्दल का बोलला? चपलांपाशी गप्प बसलेल्यांचेही हात वर होतात.

हा संवाद आधी चित्रकथेसारखा चार चौकटींत, फुग्यांत लिहून घ्यावा. फुग्याची कड म्हणजे अवतरणचिन्ह, फुग्याची शेपटी म्हणजे ‘राजू म्हणाला’. बोलणारा बदलला की ओळ बदलायची. मुलं चिन्ह उत्साहाने उघडतात, मिटायचं विसरतात, आणि पुढचा सूर्यास्तसुद्धा राजूच्याच तोंडून होतो.

‘म्हणाला’ला पर्याय म्हणून क्रियापदांची यादी भिंतीवर लावू नये. ‘गुड मॉर्निंग,’ राजू खेकसला, असं येऊ लागतं. ‘म्हणाला’ वाचताना खटकत नाही, त्याला छळू नये. फार तर राजूला काहीतरी करू द्यावं : राजूने मूठ मिटली. ‘आई रोज रबर मोजते.’

शेवटी गोष्ट दुसऱ्या मुलाला मोठ्याने वाचायला द्यावी. तो ‘हे कोण बोललं?’ म्हणून अडेल, तिथे पेन्सिलीने टिंब. लेखकाला अर्थातच हा अपमान वाटतो. तो फुगून टिंबं दुरुस्त करतो, खाली ठळक अक्षरांत ‘तात्पर्य : चोरी करू नये’ लिहितो आणि वही आपटून जागेवर जातो. रबर कोणी चोरलेलंच नसतं.